एकच लॅपटॉप, कामं ढीगभर

प्रश्न: दादा, मी घरून जीएसटीची कामं करते. टॅली, एक्सेल, पोर्टल, व्हॉट्सॲप वेब सगळं एकदम उघडं असतं, विंडो शोधण्यातच जीव जातो. संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर मुलगा बसतो. विंडोज ११ आहे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी मुलाला वेगळं युजर अकाउंट करून द्या, सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स. क्लायंटचे कागद आहेत तिथे, यात चालढकल नको.

आता तुमचा पसारा. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि डी एकदम दाबा, कोरा डेस्कटॉप उघडतो, जुनं सगळं मागे जसंच्या तसं चालू राहतं. एकावर टॅली आणि एक्सेल ठेवा, दुसऱ्यावर व्हॉट्सॲप आणि मेल, आणि विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबत ये-जा करा. विंडोज आणि टॅब दाबलं की सगळे डेस्कटॉप दिसतात, तिथे राइट क्लिक करून नाव द्या, प्रत्येकाला वेगळा वॉलपेपरही लावता येतो, आणि तो नक्की लावाच, कारण आपण कुठल्या कामात आहोत हे रंगावरूनच कळतं, वाचत बसावं लागत नाही.

पोर्टल आणि एक्सेल शेजारी-शेजारी हवेत तर विंडोज आणि झेड.

अजून एक, विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करा, कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी मिळतात, जीएसटी नंबर सारखे टाकावे लागतात त्यांना तर हे हवंच. फक्त पासवर्ड कॉपी केला असेल तर त्या यादीतून लगेच डिलीट करा.