नऊ वर्षांच्या मुलासाठी इन्सुलिन पंप घ्यायचाय. नवा 780जी, वापरलेला 640जी की अमेरिकेतला ओम्निपॉड?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन डायबिटीस होऊन दीड वर्ष झालं, दिवसाला साधारण 18 युनिट इन्सुलिन, राहायला घणसोली. डॉक्टर मेडट्रॉनिक कंपनीचा नवा 780जी पंप सुचवतायत, ओळखीतलं एक कुटुंब त्याच कंपनीचा जुना, वापरलेला 640जी जवळजवळ फुकट द्यायला तयार आहे, आणि मुलाचा मामा अमेरिकेतून ओम्निपॉड पाठवतो म्हणतोय. शेवटी विचारलंय, पंप लावला की रात्री झोपता येईल का.

मी डॉक्टर नाही. बाराव्या वर्षी टाइप वन झाला, आता तेहेतीस संपत आलं, त्यातली गेली आठ वर्षं अंगावर पंप आहे. ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीत. आधी निकाल सांगते: अंगाला चिकटून सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा दर आठवड्याचा खर्च घरात न कुरकुरता निघणार असेल तर 780जी. नसेल तर सध्या पंपच नको. बाकीचे दोन पर्याय मी घेतले नसते.

मामाचा पर्याय सगळ्यात मोहाचा आहे, म्हणून तो आधी. ओम्निपॉडला बाकीच्या दोन पंपांसारखी पोटापर्यंत जाणारी नळी नसते. इन्सुलिन भरलेला पॉड थेट अंगाला चिकटतो, तीन दिवसांनी काढून फेकायचा, नवा लावायचा. लहान मुलाला यासारखं सुख नाही, हे कबूल. पण तीन दिवसांचा पॉड म्हणजे महिन्याला दहा, तेही एकही मध्येच बंद पडला नाही असं धरून. शुगर आपोआप सांभाळायची तर त्याच्याशी जुळणारा ठरावीक सेन्सर लागतो, तोही तिकडूनच यायचा. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर काय? पॉड खराब निघाला तर फोन कुणाला, आणि कुठल्या देशाच्या वेळेला? मामा मनापासून म्हणत असेल, पण मामाच्या प्रेमावर चालणारं यंत्र पोटाला लावू नये.

640जी वाईट पंप नाही. सेन्सर लावला तर शुगर खाली घसरायच्या आधीच तो इन्सुलिन थांबवतो आणि नंतर पुन्हा सुरू करतो. शुगर वर चालली तर मात्र आपणहून काही करत नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं. घ्यायचाच झाला तर रिझर्व्हॉयर, म्हणजे इन्सुलिन भरायची कुपी, जिथे फिरवून बसवतात तिथली रिंग नीट बघा. या 600 मालिकेतल्या पंपांची ती पारदर्शक रिंग तुटते किंवा निखळते म्हणून 2019 मध्ये रिकॉल निघाला होता. रिझर्व्हॉयर सैल बसला तर इन्सुलिन कमी किंवा जास्त जाऊ शकतं, आणि 18 युनिटवाल्या मुलाच्या बाबतीत हा खेळ नाही. वॉरंटी शिल्लक आहे का, तुमच्या नावावर होईल का, त्याचे सेन्सर आणि ट्रान्समीटर अजून किती दिवस मिळणार, हे सगळं लेखी मागा. म्हैस फुकट मिळाली तरी वैरण विकतच आणावी लागते.

आता 780जी. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो आणि पंप त्यावरून बेसल, म्हणजे दिवसभर थेंबथेंब जाणारं इन्सुलिन, कमी-जास्त करतो. वर गेलेली शुगर खाली आणायला छोटे बोलस, म्हणजे एकदम द्यायचे डोस, तेही स्वतःच देतो. यालाच ऑटो म्हणतात. लक्ष्य 100, 110 किंवा 120 ठेवता येतं, आणि मैदानावर जायच्या आधी काही वेळापुरतं 150. वयाची मूळ अट सात वर्षांची, आणि ऑटो चालायला दिवसाचं इन्सुलिन किमान 8 युनिट अशी. तुमचा मुलगा दोन्हींत बसतो. लहान मुलांना खरा फायदा बारीक मापाचा. पेन एक युनिटच्या किंवा फार तर अर्ध्या युनिटच्या पायरीनं चालतं, हा 0.025 पर्यंत उतरतो.

पण ऑटो म्हणजे सगळं आपोआप, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. जेवणाचे कार्ब (कार्बोहायड्रेट) पंपाला तुम्हालाच सांगावे लागतात, तेही पहिला घास घ्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. मध्यम पोळी साधारण 15 ग्रॅम, हे सोपं. एकादशीला आजीनं प्रेमानं वाढलेली साबुदाण्याची खिचडी मात्र भल्याभल्या पंपांना घाम फोडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट, त्यामुळे शुगर आधी उडी मारते आणि पुन्हा तीन तासांनी चढते. जुन्या पद्धतीत बोलस थोडा आता, थोडा हळूहळू असा विभागून देता यायचा. 780जीच्या ऑटोमध्ये ती सोय नाही, उशिरा चढणारी शुगर तो स्वतः ओढत खाली आणतो. मला याची सवय व्हायला दोन महिने लागले, तोवर पंपाशी रोज भांडण.

शाळेचा मुद्दा कुणी आधी सांगत नाही. मुलाची शुगर तुमच्या मोबाइलवर दिसायला हवी असेल तर त्याच्याजवळ ॲप चालू असलेला फोन लागतो. शाळेत फोनला बंदी असेल तर वर्गातले सहा तास तुम्हाला काही दिसणार नाही. मात्र पंप आणि सेन्सर आपसात थेट बोलतात, फोन घरी राहिला म्हणून काम थांबत नाही. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. पीटीच्या सरांशीही, ते फार महत्त्वाचं. बॅटरी साधी पेन्सिल सेल, दप्तरात एक जास्तीची असू द्या.

पैशाबद्दल. पंपाची किंमत ऐकून माणूस हबकतो, पण घर वाकवते ती महिन्याची यादी. इन्फ्युजन सेट, म्हणजे नळी आणि त्वचेखाली जाणारी बारीक कॅन्युला, दोन-तीन दिवसांनी बदलायचा, म्हणजे महिन्याला 10 ते 15, तेवढेच रिझर्व्हॉयर. सेन्सर सात दिवसांचा, म्हणजे वर्षाला 52. घामानं किंवा दप्तराच्या पट्ट्यानं निघून येणारे वेगळे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते येतातच, वरून जास्तीची टेप लावा. कोटेशन मागताना "पंप केवढ्याला" असं विचारू नका, "एवढ्या वस्तू वर्षभर लागल्या तर एकूण किती" असं विचारा. सेन्सरशिवाय 780जी हा एक महागडा साधा पंप आहे. पैसे पंप किंवा सेन्सर यांपैकी एकापुरतेच असतील तर पेन चालू ठेवा आणि चौदा दिवसांचा वेगळा सेन्सर लावा. त्यानं कमीपणा येत नाही, मीही पंपाआधी पेनवरच दिवस काढले.

आता मुद्द्याचं, आणि हे माझ्या मूर्खपणातून शिकलेलं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. लँटस किंवा ट्रेसिबासारखं दिवसभर पुरणारं अंगात काहीच नसतं. नळी निघाली की काही तासांत शरीर इन्सुलिनविना कोरडं, आणि कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसताना रक्तात साठणारी घातक आम्लं, सुरू. पंप नवा असताना एका सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये चढताना कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा माझ्या नळीत अडकला. टेप जागेवर होती, म्हणून मी बघितलं नाही. कॅन्युला आत वाकली होती. ऑफिसात शुगर 250, मग 310. पंपातून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, दिलं, तासाभरानं आणखी एक. कुर्त्याला दवाखान्यासारखा वास येऊ लागला तेव्हा ट्यूब पेटली: दोन्ही डोस कापडात गेले होते. इन्सुलिनला तो वास असतो, मुलालाही ओळखायला शिकवा.

बॅगेत सुटा सेट नव्हता, पेनही नव्हतं. इन्सुलिनची बाटली होती, म्हणून सहकाऱ्याला केमिस्टकडून सिरिंज आणायला पाठवलं. त्यानं आणली लाल टोपीची. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या अजून दर मिलीला 40 युनिटच्या मिळतात, त्यांच्यासाठी ती सिरिंज. पंपातलं इन्सुलिन दर मिलीला 100 युनिटचं, त्याला नारिंगी टोपी हवी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर अंगात 25 युनिट गेले असते. हात थरथरत होते, तरी टोपीचा रंग दिसला म्हणून आज हे लिहितेय. त्या दिवसापासून पर्समध्ये पेन, सुया, एक सेट आणि कीटोनच्या पट्ट्या असतात. तुम्ही असाच एक डबा घरी आणि एक शाळेत ठेवा. आणि शुगर 250 च्या वर असताना करेक्शननंतर दोन तासांत उतरली नाही तर पंपावर विश्वास न ठेवता कीटोन तपासा, पेननं डोस द्या, सेट बदला. नेमके आकडे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा.

घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आठवडाभर नुसता सेट आणि डमी पंप मुलाला लावून बघता येईल का. कुठे लावायचा, झोपताना कुशीवर काय होतं, मित्र काय विचारतात, हे त्यालाच कळू दे. माझ्या कुर्त्यांना खिसे नसतात, म्हणून आईनं सुती कापडाच्या पट्ट्याच्या पिशव्या शिवून दिल्या. मुलाला पिशवीचं कापड निवडू द्या, मग तो ती काढून फेकत नाही.

रात्रीचं विचारलंत. पहिला महिना झोप आत्ताहून कमी होईल, कारण प्रत्येक पीपला तुम्ही दचकून उठाल. नंतर बऱ्याच रात्री सरळ जातात. सगळ्या नाही. परवाच पहाटे तीनला माझा अलार्म वाजला, शुगर 68. मी ज्यूसचा डबा शोधत होते तोवर पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "प्यालीस का गं?"