पेशंटजवळ बसले म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, मी या फिल्डसाठी नाहीच का?

पत्र: ताई, मी नर्सिंगच्या थर्ड इयरला आहे. आम्हाला 'माझं नर्सिंगचं तत्त्वज्ञान' अशी असाइनमेंट होती. मी मनापासून लिहिलं होतं की मी पेशंटकडे आजार म्हणून नाही तर माणूस म्हणून बघेन, शरीर, मन, घरचे, सगळ्याचा विचार करेन, प्रत्येक पेशंटला आईसारखं जपेन. मार्क्सही चांगले पडले. मग सर्जरी वॉर्डला पोस्टिंग लागलं. तिथे एक आजी खूप रडत होत्या म्हणून मी वीसेक मिनिटं त्यांच्याजवळ बसले, तर इन्चार्ज सिस्टर त्यांच्यासमोरच ओरडल्या, इथे गप्पा मारायला येतेस का, पाच नंबरचं बीपी कोण बघणार. मैत्रिणी म्हणतात तू जास्तच इमोशनल आहेस, नोकरी लागली की सगळं विसरशील. त्या आजी गेल्या आठवड्यात गेल्या. मी तेव्हा ड्युटीवर नव्हते, सकाळी गेले तर बेडवर दुसरं कुणीतरी होतं. तेव्हापासून झोप लागत नाही. मी लिहिलेलं सगळं खोटं होतं का?

उत्तर: अगं, आधी त्या पाच नंबरच्या पेशंटबद्दल बोलूया, कारण तुझ्या सगळ्या पत्रात तो फक्त एक नंबर म्हणून आलाय.

तो नुकताच ऑपरेशनहून आला असणार, नाहीतर सिस्टर बीपीसाठी एवढ्या घायकुतीला आल्या नसत्या. ऑपरेशननंतर पहिला तासभर साधारण दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी बघतात ते कशासाठी, तुला शिकवलंय. आत कुठे रक्तस्राव होत असेल तर ड्रेसिंग कोरडं दिसू शकतं, पेशंट गुंगीत असतो, तो काही सांगत नाही, हाक मारत नाही, फक्त नाडी वाढायला लागते आणि बीपी बऱ्याचदा नंतर पडतं, आणि हे कळतं कधी तर आधीचं रीडिंग लिहिलेलं असेल तर. मधली दोन रीडिंग गाळली की तो चढउतार कुणाला दिसतच नाही. आजी रडत होत्या म्हणून तुला दिसल्या, हा माणूस रडू शकत नव्हता. त्याच्याकडे वेळेवर जाऊन नाडीवर बोटं ठेवणं हीसुद्धा मायाच आहे बाळा, आणि मी हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, मला खरंच तसं वाटतं. वॉर्डात बरीच वर्षं काढलीयेत मी.

त्यामुळे सिस्टरचं काळजी करणं बरोबर होतं. ओरडणं अजिबात बरोबर नव्हतं, आणि तेही आजींसमोर तर नाहीच. तुझा अपमान झाला हे वाईटच, पण त्याहून वाईट हे की त्या क्षणी आजींना कळलं की आपण रडलो म्हणून एका पोरीला बोलणी बसली. असा पेशंट पुढच्या वेळी बेल वाजवत नाही, दुखलं तरी सांगत नाही, गप्प पडून राहतो. वॉर्डात गप्प पेशंट सगळ्यांना 'चांगला' वाटतो आणि त्याच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तू लिहिलेलं खोटं नव्हतं, पण तू एक गोष्ट धरून चाललीयेस की आपुलकी म्हणजे काम झाल्यावर उरलेल्या वेळात करायचं वेगळं काहीतरी, शेजारी बसणं, हात धरणं, ऐकणं. आणि वॉर्डात वेळ उरतच नाही, मग तुला वाटतं आपलं तत्त्वज्ञान हरलं. मला हे पटत नाही. जी कामं तुला करायचीच आहेत, बीपी, स्पंज, ड्रेसिंग, औषधं, बेडपॅन, ती कशी करतेस त्यातच ते सगळं असतं, आणि जिथे नसतं तिथे नंतर वीस मिनिटं बसून ते भरून निघत नाही.

स्पंज बाथच घे. पडदा ओढायचा, पूर्ण ओढायचा, अर्धा नाही. पाणी कोमट आहे का ते स्वतःच्या मनगटावर बघायचं. जो भाग पुसायचाय तेवढाच उघडा करायचा, बाकी अंग झाकलेलं. हात लावायच्या आधी सांगायचं की आता पाठ पुसते, कुशीवर वळवते, आणि पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं, कारण त्याला ऐकू येतंय की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नसतं. हे करायला वेगळा वेळ लागत नाही, लागलाच तर मिनिटभर. आणि त्याच वेळी तुझे डोळे काम करत असतात, कंबरेखालचं माकडहाड, टाचा, खुबा, कुठे लाल झालंय का, दाबल्यावर लाली जाते की तशीच राहते. तशीच राहिली तर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. हे सगळं तू वर्गात वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये शिकलीस, प्रायव्हसी एका लेक्चरला, स्किन केअर दुसऱ्या, कम्युनिकेशन तिसऱ्या, पण पेशंटच्या अंगावर ते एकाच वेळी घडतं. होलिस्टिक होलिस्टिक म्हणतात, म्हणजे सगळ्या माणसाचा एकत्र विचार, ते मला तरी एवढंच वाटतं.

अजून एक सांगते, हे वॉर्डात नेहमी दिसतं. एखादे काका पाणी पीत नाहीत. चार्टवर इनटेक कमी, सगळे येऊन जाऊन ओरडतात काका पाणी प्या, पाणी प्या, काका हो हो म्हणतात आणि ग्लास तसाच. खरं कारण बऱ्याचदा हे असतं की पाणी प्यायलं की युरीनला जावं लागणार, त्यासाठी बेल वाजवायला लागणार, कुणीतरी तरुण मुलगी बेडपॅन किंवा पॉट घेऊन येणार, आणि त्यांना त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटते. मग पाणी कमी, त्यातून युरीन इन्फेक्शन होऊ शकतं, वयस्कर माणूस असेल तर दोन दिवसांनी रात्री बरळायला लागतो, आणि मग सगळे म्हणतात वय झालंय. जिने काकांना हळूच विचारलं की जायला अवघड वाटतंय का, मेल स्टाफला सांगू का, पॉट इथेच हाताशी ठेवू का, तिने इन्फेक्शन टाळलं. ते कुणी कौतुकाने सांगणार नाही, कारण जे झालंच नाही ते केस पेपरवर येत नाही. पण लाज हे सुद्धा क्लिनिकल कारण असतं हे तुझ्या तत्त्वज्ञानात लिहायला हवं होतंस.

आणि ते 'आईसारखं जपेन' वाक्य काढून टाक, प्लीज. मला माहितीये ते किती चांगल्या मनाने लिहिलंयस. पण आईवर आपण चिडतो, आईला न विचारता तिच्या वतीने ठरवतो, आई ऐकेल असं गृहीत धरतो. पेशंट तुझी आई नाहीये. तो एक अनोळखी माणूस आहे ज्याला नाइलाजाने तुझ्यासमोर कपडे काढावे लागतायत, त्याला विचारल्याशिवाय काही करायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय काही पेशंट तुला आवडणारच नाहीत, कुणी शिव्या देईल, कुणी घाणेरडं बोलेल, तिथे आईची भावना येणार नाही आणि आणायचीही गरज नाही (घाणेरडं बोलणाऱ्याबद्दल लगेच सिस्टरना सांगायचं, सहन करणं हा सेवेचा भाग नाही). त्याचं ड्रेसिंग मात्र तेवढंच स्वच्छ, तेवढंच हलक्या हाताने व्हायला हवं. माया वाटणं आपल्या हातात नसतं ग, नीट वागणं असतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा हातात घेतलेला फोटो तुमच्या कॉलेजात कुठेतरी असेलच. पण क्रिमियन युद्धाहून परत आल्यावर 1858 मध्ये तिने जे आकडे आणि आकृत्या काढून दाखवल्या, त्यातून दिसलं की बहुतेक सैनिक जखमांनी नाही तर टाळता येण्यासारख्या आजारांनी मेले. घाण, गटारं, गर्दी, कोंडलेली हवा. दिवा घेऊन फिरणं खरं होतं आणि रजिस्टर भरणंही खरं होतं, दोन्ही एकाच बाईचं काम. तुझ्या मैत्रिणी इमोशनल आणि प्रॅक्टिकल अशी जी वाटणी करतात ती या कामात चालत नाही.

आता आजी. त्या का रडत होत्या ते तू लिहिलं नाहीस, आणि माझा तुला खरा प्रश्न हा आहे की वीस मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते पुढे कुठे गेलं? सिसिली साँडर्स नावाची बाई आधी नर्स होती, पाठीच्या त्रासामुळे ते सोडून सोशल वर्कर झाली, मग शिकून डॉक्टर झाली आणि 1967 मध्ये तिने लंडनला सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, सुरू केलं. तिने 'टोटल पेन' ही कल्पना मांडली, म्हणजे शरीराचं दुखणं, मनाचं, घरादाराच्या काळजीचं आणि मरणाच्या, देवाच्या प्रश्नांचं दुखणं, हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं, एकट्या शरीराला औषध देऊन दरवेळी भागत नाही. पण हेही बघ की तीच बाई मॉर्फिन ठरलेल्या वेळी नेमाने द्या, दुखणं परत उसळायची वाट बघू नका, यासाठी भांडली. हात धरणं आणि गोळी वेळेवर देणं तिने वेगळं केलं नाही. आजी टाक्यांच्या दुखण्याने रडत असतील तर डॉक्टरांना सांगून पेनकिलर बघायला हवी होती, घरी कुणी नाही म्हणून असतील तर सोशल वर्करला कळायला हवं होतं, भीतीने असतील तर सर्जनने येऊन दोन मिनिटं नीट समजावलं असतं. तू ऐकलंस ते फार चांगलं केलंस, पण ते ऐकलेलं हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात तेव्हा, सांगायचं असतं, नर्सिंग नोट्समध्ये लिहायचं असतं, "पेशंट रडत होत्या, घरच्या काळजीबद्दल बोलल्या, सिस्टरना कळवलं" एवढ्या एका ओळीत. मग संध्याकाळच्या आणि रात्रीच्या मुलीलाही कळतं. सगळ्या माणसाचा विचार एकटी नर्स करूच शकत नाही, आठ तासांनी तिला घरी जायचं असतं.

वेळेचं म्हणशील तर पुढच्या वेळी असं कर, पाच मिनिटं बस, पण खरंच बस, उभ्याने नाही. बसून बोललं की पेशंटला आपल्याला जास्त वेळ मिळाला असं वाटतं, यावर अभ्यासही झालेत. आणि उठताना सांगून ऊठ, "मला शेजारचं बीपी बघायचंय, ते झालं की परत येते", आणि परत जा. जायला जमणार नसेल तर तसं म्हणू नकोस. पहिल्यांदा जाशील तेव्हा स्वतःचं नाव सांग, त्यांना काय हाक मारू ते विचार, सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना आजी म्हटलेलं आवडतं असं नाही. केट ग्रेंजर ही ब्रिटनमधली डॉक्टर स्वतः कॅन्सरने ॲडमिट होती, तिच्या लक्षात आलं की येणारेजाणारे कितीतरी जण नावच सांगत नाहीत, त्यातून 2013 मध्ये तिने "हॅलो, माझं नाव अमुक" अशी साधी मोहीम सुरू केली. डॉक्टर असून तिला ते खटकलं, तर तिथल्या घाबरलेल्या माणसाचं काय होत असेल.

त्या गेल्याचं. तू तिथे नव्हतीस यात तुझी चूक शून्य आहे. आणि दुसऱ्या दिवशी बेडवर दुसरा पेशंट बघून पोटात जे खड्डा पडल्यासारखं होतं ते नॉर्मल आहे, ते अजून होतंय म्हणजे तू ठीक आहेस. त्या रात्री ज्या सिस्टर ड्युटीवर होत्या त्यांना जाऊन विचार, आजी कशा गेल्या, जवळ कुणी होतं का. बिचकू नकोस. बहुतेक सिस्टर सांगतात, आणि त्यांनाही ते कुणाला तरी सांगायचं असतं. कुणीतरी त्यांचे डोळे मिटले असतील, अंग पुसलं असेल, हातपाय सरळ केले असतील, चादर बदलली असेल, तेही नर्सिंगच आहे आणि ते तुझ्यासारख्याच कुणीतरी केलंय. हे कळल्यावर तुला जरा शांत वाटेल असं मला वाटतं.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरशी याच आठवड्यात बोल, कॉलेजला काउन्सेलर असेल तर तिच्याकडे जा. अजून आठ-दहा दिवसांत झोप सुधारली नाही, किंवा वॉर्डात जायच्या विचारानेच छातीत धडधडायला लागलं, तर डॉक्टरांना दाखव. मैत्रिणी म्हणतात ते 'विसरणं' पुष्कळदा असंच सुरू होतं, आधी झोप जाते, मग रडू येईनासं होतं, मग पेशंटचा राग यायला लागतो. त्या मुली वाईट नसतात, थकलेल्या असतात आणि त्यांना वेळेत कुणी विचारलेलं नसतं.

आणि इन्चार्ज सिस्टरना भेट, हँडओव्हर झाल्यावर, गर्दी नसताना. आधी बीपीचं मान्य कर, मनापासून. मग सांग की पेशंटसमोर बोललात ते मला आणि त्यांनाही लागलं, पुढच्या वेळी बाजूला घेऊन सांगाल का. आवाज खाली ठेव पण वाक्य पूर्ण कर. त्या कदाचित चिडतील. कदाचित विचारतील की आजी काय म्हणत होत्या, तर ते मात्र सगळं सांग.