अमेरिकन क्लायंट कॉलवर 'रेन चेक', 'बॉलपार्क', 'टच बेस' म्हणत असतात, म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलेले तिन्ही शब्द बेसबॉलमधले आहेत. आपण पडलो क्रिकेटवाले, त्यामुळे डिक्शनरीत अर्थ सापडला तरी डोक्यात बसत नाही.

माझीच फजिती सांगतो. हिंजवडीत पहिली नोकरी, क्लायंट न्यू जर्सीचा, शुक्रवारी रात्री कॉल ठरलेला आणि अर्धा तास आधी त्याचा मेसेज, 'कॅन आय टेक अ रेन चेक?' मी शहाण्यासारखं त्याच्या गावचं हवामान बघितलं आणि कळवलं की तुमच्याकडे तर आज ऊन आहे, काळजी नको. पलीकडून नुसती स्मायली. लीडने नंतर समजावलं तेव्हा कुठे तोंड लपवायचं कळेना. तिकडे मॅच पावसाने धुतली गेली की तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढच्या मॅचला जाता यायचं, १८८० च्या दशकापासूनची पद्धत आहे ही, तोच रेन चेक. म्हणजे आज नको, परत कधीतरी. आणि हे 'कधीतरी' पुष्कळदा आपल्या 'बघू, जमवू'सारखंच असतं, येतच नाही.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. बॉलपार्क फिगर मागितली की अंदाजे आकडा द्यायचा, चेंडू मैदानात पडला ना, बास, नेमका कुठे पडला ते कोणी विचारत नाहीये. आमच्या टीममधल्या एकाने यासाठी दोन दिवस एक्सेल घासून '४१७.५ तास' असं उत्तर दिलं होतं. समोरच्याला चारशे की आठशे एवढंच हवं होतं हो!

टच बेस सोपं आहे. रन काढताना प्रत्येक बेसला, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या थांब्याला, पाय लावावा लागतो, आपण क्रीजमध्ये बॅट टेकवतो तसं. 'सोमवारी टच बेस करू' म्हणजे दोन मिनिटं बोलून घेऊ, त्यासाठी शनिवार-रविवार प्रेझेंटेशन करत बसू नका.

विचारलं नाहीत तरी अजून दोन सांगतो. कर्व्हबॉल म्हणजे सरळ आपली गुगली. आणि 'स्टेप अप टू द प्लेट'मधली प्लेट जेवणाची नाही, बॅटिंग करणारा जिथे उभा राहतो तिथे जमिनीत बसवलेली पांढरी पंचकोनी पट्टी असते तिला होम प्लेट म्हणतात. तिथे जा म्हणजे पुढे हो, अंगावर घे.

पण खरा घात करणारा शब्द बेसबॉलचा नाहीच, तो आहे 'टेबल'. अमेरिकन माणूस 'लेट्स टेबल धिस' म्हणाला तर विषय तूर्त बाजूला ठेवा, ब्रिटिश म्हणाला तर आत्ता चर्चेला घ्या, म्हणजे अगदी उलटं. एकाच कॉलवर लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही असतील तर लाज न बाळगता विचारून टाका, आत्ता बोलायचंय की नंतर.