पर्यायी उपचार सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

जरूर जा. तिथे तासभर नीट ऐकून घेतात, त्यानेही खूप हलकं वाटतं. फक्त चालू गोळ्या मनाने बंद करू नका. बरेच नवे लोक इथेच चुकतात: जरा बरं वाटलं की बीपीची डबी कपाटात जाते. इन्सुलिन, फिट्सचं औषध, स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

- सगळ्या औषधांची यादी दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवा. वनस्पतीचं औषधही निर्धोक नसतं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे वॉरफरिनचा (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) परिणाम कमी होतो.
- बिनलेबलची पुडी नको. काही भस्मांत शिसं, पारा सापडलाय.
- पहिल्याच भेटीत पॅकेजचे पैसे भरू नका.

डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर नवं औषध थांबवून लगेच यकृताची तपासणी करा.