डंपिंगशेजारचं पाणी तपासायचं काम, मुलीला करू द्यावं का?

मुलुंड पूर्वेच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी एसवायबीएससीला आहे, केमिस्ट्री. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने डंपिंग ग्राउंडजवळच्या बोअरचं पाणी तपासलं आणि तेव्हापासून म्हणते मला हेच काम करायचंय. घरचे म्हणतात बीएड कर, नाहीतर औषध कंपनीत क्यूसीला (मालाच्या दर्जाच्या तपासणीला) लाग, एवढं शिकून पोरगी कचऱ्याच्या ढिगावर फिरणार का? पुढे काय शिकायचं, पगार किती आणि हे सेफ आहे का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, नमस्कार. काउन्सेलिंगला येण्याआधी मी काही वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी ढिगाचं बोलू. हे काम ढिगावरचं कमी आणि ढिगाच्या भोवतीचं जास्त असतं. पाऊस कचऱ्यातून झिरपत खाली जातो, कोऱ्या चहासारखं काळपट पाणी होतं, त्याला लीचेट म्हणतात, ते जमिनीखालच्या पाण्यात मिसळतंय का, आणि मिसळत असेल तर कुठल्या दिशेने चाललंय, हे शोधायचं. आता नवीन लँडफिलच्या (कचरा पुरायच्या जागेच्या) तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली माती आणि वर दीड मिलिमीटरचं प्लास्टिकचं अस्तर टाकायचा नियम आहे, पण देवनारच्या डंपिंगवर १९२७ पासून कचरा पडतोय, तेव्हा असलं काही नव्हतंच. म्हणून भोवतीच्या विहिरींचं पाणी सांगतं तेच खरं.

आणि मुंबईत हे सोपं नाहीये. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट, पाणी त्याच्या भेगांमधून वाहतं, त्यामुळे वीस मीटरवरची विहीर स्वच्छ आणि शंभर मीटरवरची खराब असंही होऊ शकतं. त्यात देवनार काय, कांजूर काय, तुमचं मुलुंड काय, सगळं खाडीला लागून. पाण्यात क्लोराइड जास्त आलं तर ते कचऱ्याचं की समुद्राचं? नुसत्या क्लोराइडवरून सांगताच येत नाही, अमोनिया, पोटॅशियम, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) सगळं शेजारी ठेवून बघावं लागतं, आणि ढिगाच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथून पाणी ढिगाकडे येतं तिथे, एक विहीर लागतेच तुलनेला. हे डोकं केमिस्ट्रीवालीकडेच असतं, म्हणून मला तुमची मुलगी या कामाला योग्य वाटते.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एकदा बाहेरच्या माणसाने विहिरीचं सॅम्पल आणून दिलं. म्हणाला काढलं तेव्हा काचेसारखं होतं, आमच्या टेबलावर आलं तेव्हा बाटलीच्या तळाशी नारिंगी गाळ. जमिनीखाली विरघळलेलं लोखंड हवा लागल्यावर गंजून खाली बसलं होतं, आणि असं लोखंड बसताना आर्सेनिकसारखे धातूही स्वतःबरोबर ओढून नेतं. वरचं निवळ पाणी मशीनला लावलं असतं तर रिपोर्ट मस्त स्वच्छ आला असता, आणि साफ खोटा! धातू तपासायच्या बाटलीतलं पाणी तिथल्या तिथे गाळून त्यात नायट्रिक अ‍ॅसिड घालायचं असतं. त्याआधी विहिरीत साचलेलं पाणी उपसायचं, पीएच आणि कंडक्टिव्हिटीचे (पाण्यातून वीज किती वाहते त्याचे) आकडे मीटरवर स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग भरायचं, लगेच बर्फात ठेवायचं. उन्हात उभं राहून हे दरवेळी नीट करणारं माणूस मिळणं अवघड, लॅबमधलं मशीन काय कोणीही शिकतं.

शिक्षणाचं म्हणाल तर माझं मत, एमएससी अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री करू दे. केंद्रीय भूजल मंडळात केमिस्टच्याही जागा असतात, त्या यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात आणि तिथे एमएससी केमिस्ट्रीतली मागतात, एन्व्हायर्नमेंटल सायन्स केलं तर ते दार बंद व्हायची भीती (जाहिरात निघेल तेव्हा पात्रता नीट वाचायचीच). जिऑलॉजीची उणीव एनपीटीएलवरच्या (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) भूजलाच्या कोर्समधून भरून काढता येते, शिवाय क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिकून घे म्हणावं. सुट्टीत इंटर्नशिपसाठी वरळीच्या नीरीला (पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था) अर्ज करावा, एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी लॅब आणि पर्यावरण कन्सल्टन्सी आहेतच.

पगार सुरुवातीला आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा कमीच असणार, हे तिला आत्ताच सांगा. पण काम संपणारं नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लँडफिलच्या ५० मीटर परिघातलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं तपासायला सांगितलं होतं, आणि साइट बंद झाल्यावरही निदान १५ वर्षं लक्ष ठेवायचं.

सेफ्टीची काळजी रास्त आहे. मिथेन असतो, काच, सुया असतात. हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची इंजेक्शनं, जाड तळाचे बूट, ग्लव्ह्ज, आणि एकटीने साइटवर कधीच जायचं नाही. इंटरव्ह्यूला गेली की साइटवर बायकांसाठी टॉयलेटची सोय काय आणि गाडी कोण देतं हे तिने सरळ विचारावं, यात लाजायचं काही नाही, मी विचारलं नव्हतं आणि फार त्रास काढला.

बीएडचा फॉर्म एवढ्यात भरू नका. तुमच्या सोसायटीत फ्लशिंगसाठी बोअर असेल तर एक टीडीएसचा पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून द्या तिला. दर रविवारी पाच मिनिटं पंप चालवून मग रीडिंग घ्यायचं, तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस आणि भरती होती की ओहोटी, सगळं वहीत लिहायचं. मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे आकडे झाले की वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा.