माणूस कामाचा आहे, पण गर्भपात बंद करू म्हणतो

वाचकांचे प्रश्न, सिस्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : सिस्टरबाई, नमस्कार. मी केज तालुक्यातली. वय 34, थोरली मुलगी, धाकटा मुलगा. आमच्या भागातून विधानसभेला जे उभे राहणार आहेत ते आमच्या जवळच्या गावचे. दुष्काळात त्यांनी पदरच्या पैशानं टँकर चालवले, आमच्या वस्तीचा रस्ता करून घेतला, रात्री-अपरात्री फोन उचलतात. परवा सप्ताहाच्या सांगतेला ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, ''गर्भपात म्हणजे खून. मला निवडून द्या, या तालुक्यात गर्भपाताचं एकही केंद्र चालू देणार नाही.'' बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, ''बरोबर बोलला. आपल्या जिल्ह्यानं काय कमी पोरी मारल्या?'' मी गप्प बसले. धाकट्याच्या नंतर तांबी बसवलेली असताना मला दिवस गेले होते. मालकांनी आणि मी विचार करून सरकारी दवाखान्यात पिशवी मोकळी करून घेतली. सासूबाईंना ते माहीत नाही. आता घरातली पाचही मतं त्यांनाच द्यायची असं ठरलंय. एका गोष्टीपायी एवढ्या कामाच्या माणसाला मत नाकारावं का?
— एक वाचक, ता. केज

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते. मी तुमच्या मतदारसंघात असते तर हे वाक्य तो मागे घेत नाही तोवर त्याला मत दिलं नसतं. टँकर चालवले असले तरी. पण तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मला झिडकारायचं नाही, कारण त्या जे बोलल्या ते खरं आहे. मी माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात काढली, आधी उपकेंद्रावर, मग ग्रामीण रुग्णालयात. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली निघाल्या. दहा वर्षं आधी तो आकडा 894 होता. आम्हाला जनगणनेची वाट बघायची गरज नव्हती. आमच्या माता-बाल नोंदवहीत ते दिसायचं. एका बाईच्या नावापुढं पहिली मुलगी, दुसरी मुलगी, मग चार-पाच वर्षं काहीच नाही, आणि मग मुलगा. मधल्या वर्षांत काय झालं ते वहीत नसायचं. ते तिच्या रक्तात असायचं. हिमोग्लोबिन सात, कधी साडेसहा, डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत कागदासारखं पांढरं. विचारलं तर म्हणायची, ''अशक्तपणा हाय जी.''

मे 2012 मध्ये परळीत मुलींची आई असलेली एक बाई असाच गर्भ काढताना गेली. साऱ्या देशात बीडचं नाव झालं. डॉक्टर नवरा-बायकोला 2019 मध्ये न्यायालयानं शिक्षा सुनावली. हे सगळं मी जवळून पाहिलंय, म्हणून मुलींच्या बाजूनं कुणी मोठ्यानं बोललं की मला बरं वाटतं.

मग या उमेदवारावर माझा राग का? कारण त्यानं चोर सोडून दिला. मुलगी मारायची तर ती मुलगी आहे हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. ते सोनोग्राफीच्या खोलीत सांगितलं जातं. त्यासाठी 1994 चा वेगळा कायदा आहे, त्याच्याही आधी 1988 मध्ये आपल्या महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा असा कायदा केला. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफी कुणाची नि कशासाठी केली त्याचा कागद, भरावा लागतो, मशीनची नोंद लागते, तपासणी करायला अधिकारी नेमलेले असतात. ज्याला पोरींची काळजी आहे त्यानं विचारावं की आपल्या तालुक्यात किती मशीन आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, एफ फॉर्म कोण वाचतं. त्या सांगतेच्या भाषणात सोनोग्राफी हा शब्द एकदा तरी आला का, ते आठवून बघा. तुमच्या पत्रात तरी तो नाही.

गर्भपाताचा कायदा 1971 चा. तो निराळा आहे आणि निराळ्या दुखण्यासाठी झाला. त्याआधी आपल्याकडे 1860 ची इंग्रजांची दंडसंहिता चालायची. बाईचा जीव वाचवायचा असेल तेवढा अपवाद, बाकी गर्भपात गुन्हा, आणि ज्या बाईनं करवून घेतला तीही गुन्हेगार. म्हणून काय बाया थांबल्या होत्या? काड्या घालून, झाडपाल्याचे काढे पिऊन मरत होत्या. केंद्र सरकारनं 1964 मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे मंत्री होते. त्या समितीनं बायांचे जीव वाचवण्यासाठी कायदा सुचवला. तुमचा उमेदवार आपल्याला 1971 च्या मागं न्यायला निघालाय, आणि टाळ्या मिळतात 2012 च्या परळीच्या नावानं.

केंद्रं बंद झाली की काय होतं, हे मला अंदाजानं सांगायची गरज नाही. परळीनंतर आमच्याकडं तेच झालं. जे डॉक्टर कायद्यानं, कागदपत्र करून गर्भपात करायचे तेसुद्धा म्हणाले, कटकट नको. कुणी पाटी उतरवली, कुणी येईल त्या बाईला बीडला नाहीतर अंबाजोगाईला जा म्हणून वाटेला लावलं. बाया मात्र तेवढ्याच होत्या. फरक एवढाच पडला की त्या दिवसा यायच्या बंद झाल्या आणि रात्री यायला लागल्या.

त्यातली एक सांगते. ऊसतोडीची बाई, नवऱ्यासोबत कोयत्यावर गेलेली. पदरात दोन पोरं, दोन्ही मुलगे. फडावर असताना महिना चुकला. मुकादमाची उचल अंगावर, खाडा झाला की पैसे कापणार, तेव्हा दवाखान्यात कोण नेणार? नवऱ्यानं कारखान्याजवळच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. किती दिवस झालेत हे कुणी विचारलं नाही, कशा घ्यायच्या हे कुणी सांगितलं नाही. गोळ्या घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटे मोळ्या वाहायला उभी राहिली. अर्धवट पडलं, रक्त थांबेना. चार दिवसांनी जीपमध्ये आडवी घालून गावाकडं आणली. परकर वाळून कडक झाला होता, तो कात्रीनं कापून काढावा लागला. ताप 103. डॉक्टरांनी पिशवी साफ केली, अंबाजोगाईहून रक्ताच्या बाटल्या मागवल्या. पहाटे शुद्धीवर आल्यावर तिनं मला पहिला प्रश्न विचारला, ''बाई, पोलीस येतील का?''

ताई, तिला मुलगा की मुलगी हे कळायचे दिवससुद्धा भरले नव्हते. तिच्या पोटातल्या गर्भाचा आणि आपल्या जिल्ह्याच्या 807 या आकड्याचा काही संबंध नव्हता. आणि सरकारी दवाखान्यात हे काम फुकट होतं, नाव बाहेर जात नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या कानावर आलं होतं ते इतकंच, की गर्भपात म्हणजे गुन्हा. असली भाषणं बाईच्या मनात हेच पेरतात.

आता तुमचं स्वतःचं. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ काढून घ्यायची मुभा 1971 पासून आहे. तुम्ही केलं ते कायद्यानं केलं, नवरा-बायकोनं विचार करून केलं. त्या मांडवात तो माणूस तुम्हाला खुनी म्हणाला. त्याला ते ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. टाळ्या वाजवणाऱ्या बायांतही तुमच्यासारख्या असणार. अशा कितीजणींचा हात मी टेबलाशेजारी उभं राहून धरलाय. एखादीनं टाळी वाजवली असेल ती शेजारणीला संशय येऊ नये म्हणून.

कुणाला गर्भपात पाप वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. आमच्या दवाखान्यात एक माळकरी मावशी होत्या. गर्भपाताच्या खोलीत त्या पाऊल टाकायच्या नाहीत आणि आम्ही कधी आग्रह केला नाही. पण बाई बाहेर आली की तिच्यासाठी चहा-बिस्कीट त्याच आणायच्या, पायावर चादर त्याच घालायच्या. त्यांचं मत त्यांच्यापुरतं होतं. उमेदवार आपलं मत साऱ्या तालुक्याच्या बायांवर लादायला तुमच्याकडंच अधिकार मागतोय.

तुम्ही म्हणाल, कायदा तर दिल्लीचा, आमदार काय करणार? कायदा संसदेचा आहे हे खरं. 2021 मध्ये संसदेनंच तो बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे, आणि अत्याचार झालेली बाई, अल्पवयीन मुलगी, मध्येच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अशांना दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा. गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढंही परवानगी देऊ शकतं. आमदाराला यातलं अक्षर बदलता येत नाही. पण ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरला फोन करता येतो. ''आमच्या तालुक्यात हे धंदे नकोत'' एवढं आमदारानं म्हटलं की बदलीच्या भीतीनं कुठलाही डॉक्टर हात आखडता घेईल. कायदा पुस्तकात शाबूत राहील आणि बाई मेडिकलच्या दारात उभी राहील. म्हणून या बाबतीत मी आमदाराला खासदाराइतकंच मोजते.

सविता हलप्पनवार हे नाव कदाचित ऐकलं असेल. आपल्या शेजारच्या बेळगावची लेक, दाताची डॉक्टर, आयर्लंडमध्ये राहायची. ऑक्टोबर 2012, म्हणजे परळीचंच वर्ष. सतरा आठवड्यांची गरोदर असताना गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून दवाखान्यानं नकार दिला. अंगात विष भिनून ती गेली. तिथल्या लोकांनी 2018 मध्ये सार्वमत घेऊन घटनेतली ती बंदी काढून टाकली, तीनातल्या दोघांनी बंदीच्या विरोधात मत दिलं. अमेरिकेत 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क काढून घेतला, तर दोनच महिन्यांत कॅन्सस या शेतीवाल्या, जुन्या वळणाच्या राज्यानं बंदीची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती मतदानानं फेटाळली. त्या लोकांना या एका प्रश्नावर वेगळं मत देता आलं. आपल्याकडं तशी सोय नाही. रस्ता, टँकर आणि गर्भपात, सगळं एकाच बटणात येतं. म्हणून बटण दाबायच्या आधी बोलायचं.

तो फोन उचलतो म्हणता ना? मग उचलू द्या. एकट्यानं नको, बचत गटातल्या चौघी-पाचजणी मिळून भेटा. स्वतःचं काही सांगू नका, त्याची गरज नाही. विचारा, भाऊ, पंधरा वर्षांच्या पोरीवर कुणी हात टाकला आणि तिला दिवस गेले तर तिनं कुठं जायचं? डोक्याची कवटीच नसलेलं बाळ पोटात आहे असं सोनोग्राफीत कळलं तर त्या आईनं नऊ महिने काय करायचं? त्यानं ऐकून घेतलं, पुढच्या सभेत सोनोग्राफीवाल्यांवर बोलला, गर्भपात बंदीचं वाक्य सोडलं, तर त्याला खुशाल मत द्या. टाळ्यांच्या भरात माणूस बोलून जातो, आणि कामाचा माणूस सुधारला तर आपलाच फायदा. त्यानं तुम्हाला उडवून लावलं, तर मात्र रस्त्याचे उपकार मतानं फेडायचे नाहीत. रस्ता सरकारी पैशाचा आहे. समोरचा याहून नालायक असेल तर नोटा आहे.

आणि पाच मतं ठरली म्हणता, ती चार ठरली असतील. पाचवं तुमचं. मशीनच्या पुठ्ठ्यामागं सासूबाई येत नाहीत. पिशवी मोकळी केल्याचं त्यांना सांगायचं की नाही, हेही तुमच्याच हातात. कायद्यानं ते इतकं गुप्त ठेवलंय की ज्या डॉक्टरनं नाव फोडलं त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मी लातूरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मैत्रीण 21 वर्षांची, लग्न झालेलं नाही. दिवस वर गेलेत. एका खासगी दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची नाहीतर वडिलांची सही आणा. काय करावं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दवाखाना बदला. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरे, नमुना सी या संमतीच्या कागदावर. नवऱ्याची नको, बापाची नको, तुमचीही नको. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कायद्याच्या नजरेत लग्न झालेली आणि न झालेली यांत फरक नाही. लातूरच्या शासकीय रुग्णालयात तिला घेऊन जा, आधार कार्ड आणि सोनोग्राफी केली असेल तर कागद सोबत ठेवा. उशीर करू नका. गोळ्यांनी करायचं ते नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच होतं. मेडिकलमधून परस्पर काही आणून देऊ नका. आणि तिनं आधीच काही घेतलं असेल, रक्त इतकं जातंय की तासाला दोन पॅड भिजतायत, किंवा ताप, चक्कर आहे, तर हे वाचत बसू नका. रिक्षा बोलवा, नाहीतर 108 ला फोन लावा, आणि कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरला खरं सांगा.