आधी वहीत लिही, मग ॲप उघड

सोलापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेसेजमधले तिन्ही स्क्रीनशॉट पाहिले. लाटांचा अंदाज देणाऱ्या एका ॲपवर कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीला शनिवारी सकाळी दीड मीटरच्या लाटा, दुसऱ्यावर नव्वद सेंटिमीटर, तिसऱ्यावर नुसते दोन तारे. खाली तुझा प्रश्न, ‘काका, यातलं खरं कोणतं?’ आणि त्याच्याही खाली, ‘तिकीट रद्द केलं.’ या मोसमात हे पहिल्यांदा झालेलं नाही. म्हणून फोनवर उत्तर दिलं नाही, बसून लिहितोय.

सोलापुरात राहून लाटांवर सर्फिंगचा नाद कशाला, हे आपण दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही आणि आता विचारायचं कारणही नाही. बँकेतल्या रजा कशा जमवतेस, आईला काय सांगून निघतेस, तेही तुझं तू बघतेस. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर. तू ॲप बघतेस आणि मग ठरवतेस. ॲप उघडण्याआधी स्वतःचा अंदाज वहीत लिहीत नाहीस. दोन वर्षांपूर्वी वही दिली होती. परवा विचारलं तर म्हणालीस, कपाटात आहे. राग आला, खोटं कशाला बोलू.

ही सवय मला बोटीवर लागली. थर्ड ऑफिसर असताना दर सहा तासांनी हवामानाची नोंद करावी लागायची, ग्रीनिचच्या बारा-सहा-बारा-सहाला. आमचे एक कॅप्टन होते. फॅक्सवर हवामानाचा नकाशा आलेला असायचा, पण ते तो आमच्या हाती लागू द्यायचे नाहीत. आधी ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीच्या, बाहेर जाऊन उभं राहायचं. इथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा वेगळ्या लिहायच्या, लांबून आलेला स्वेल वेगळा लिहायचा. कुठल्या दिशेने, किती सेकंदांनी, किती उंच. मग आत येऊन नकाशा बघायचा. नकाशा आधी पाहिला की समुद्र नकाशासारखाच दिसायला लागतो, असं ते म्हणायचे. दोनच महिन्यांत मला कळलं की हे शब्दशः खरं आहे. तीन मीटर वाचून बाहेर आलं की डोळ्यांना तीनच मीटर दिसतात.

तुझंही तेच होतंय. शनिवारचा दीड मीटर बघून तू आनंदलीस, बुधवारी दुसरीकडे नव्वद सेंटिमीटर दिसले आणि तुझा आठवडा गेला. यात तुझा स्वतःचा अंदाज कुठे होता? नव्हताच. मग चुकलं कोण आणि किती, हे तुला कळणार कसं?

तीन आकडे तीन का, ते लवकर सांगून टाकतो. प्रत्येकाचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारं संगणकावरचं गणित, वेगळं असू शकतं. मॉडेल एकच असलं तरी दिवसातून चार वेळा नवी गणितं होतात, आणि कोणाच्या स्क्रीनवर सकाळचं गणित असतं, कोणाच्या रात्रीचं. शिवाय तो आकडा किनाऱ्यावरच्या लाटेचा असेलच असं नाही. मॉडेलमधली उंची म्हणजे खुल्या समुद्रातल्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यामुळे सेटमधली, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांच्या झुंडीतली, एखादी लाट त्याच्या दीडपट निघाली तर मॉडेल खोटं ठरत नाही. आणि तारे? तारे कोणासाठी दिलेत ते देणाऱ्याला विचार. तुझ्यासाठी नक्कीच नाहीत.

उंचीच्या आधी सेकंद बघ, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते ते, हे मी तुला किती वेळा सांगितलंय. एक मीटर आठ सेकंदांचा आणि एक मीटर सोळा सेकंदांचा, ही दोन वेगळी जनावरं आहेत. खोल समुद्रात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी शंभर मीटर, सोळा सेकंदांच्या लाटेची चारशे. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे पहिलीला पन्नास मीटर पाण्यात, दुसरीला दोनशे मीटर पाण्यात. दुसरी कितीतरी आधीपासून वळत, उभी राहत, जोर साठवत किनाऱ्याला येते. स्क्रीनवर दोन्हींच्या पुढे एकच आकडा, एक मीटर. तू त्या आकड्यावर तिकीट रद्द केलंस. तुझ्याच दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये नव्वद सेंटिमीटरच्या शेजारी बारीक अक्षरात सोळा लिहिलं होतं. ते वाचलंस का?

आता नीट लक्ष दे, कारण सोलापूरकराच्या हातात खरी ताकद इथेच आहे. सोळा सेकंदांचा स्वेल खोल समुद्रात ताशी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरने सरकतो, दिवसाला हजाराच्या थोडं वर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो निघतो कुठून? दक्षिण हिंदी महासागरातून, चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यातल्या वादळांतून. मुल्कीपर्यंत सात हजार किलोमीटर धर. म्हणजे सहा-साडेसहा दिवस. अठरा सेकंदांच्या लाटा आधी पोचतात, पंधरा सेकंदांच्या त्यांच्यामागून एका दिवसाहून जास्त उशिरा. वाल्टर मंक यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची केंद्रं मांडून दक्षिणेच्या वादळांतला स्वेल अख्खा पॅसिफिक ओलांडताना टिपला. आधी कोणती लाट पोचली आणि मागून कोणती, यावरून वादळ किती लांब झालं ते काढता येतं. हे गणित तू बारावीत केलेल्या गणितापेक्षा सोपं आहे.

याचा अर्थ बघ. रविवारी वादळ झालं की पुढच्या शनिवारचा स्वेल निघालेला असतो. निघालेली लाट परत जात नाही. आपल्याला सहा दिवस मिळतात आणि सोलापूरहून विजापूर, गदग, हुबळी करत घाट उतरायला एक रात्र आणि वर थोडी सकाळ लागते. आपण लांब आहोत हे रडगाणं बंद कर. समुद्रकिनारी राहणाऱ्याला सकाळी खिडकी उघडून बघता येतं, म्हणून तो दक्षिणेकडे बघायला शिकेलच असं नाही. तुला शिकावंच लागतं.

आणि हेही ऐक. भारताच्या सगळ्या किनाऱ्यांचा लाटांचा अंदाज जिथून निघतो ती इन्कॉइस ही संस्था हैदराबादला आहे. आपल्याच हायवेने सरळ पूर्वेला. तिथे तरी कुठे समुद्र आहे? १९९९ पासून ती माणसं पठारावर बसून देशभरच्या कोळ्यांना समुद्र सांगतायत. निवृत्तीनंतर मी किनाऱ्यावर घर का घेतलं नाही, असं मला मुलगा विचारतो, शेजारचे विचारतात, तूही एकदा विचारलंस. मला गरज वाटली नाही. माझं घर इथे, आईवडील इथे गेले, होटगी रोडवरची माझी गच्ची मला पुरते. पहाटे साडेपाचला, म्हणजे ग्रीनिचच्या शून्य वाजता, मी चहा ठेवतो आणि वही उघडतो. लोकांना हा हट्ट वाटतो. असू दे. याच हट्टामुळे मला माहीत असतं की मुल्कीला काय चाललंय, आणि बऱ्याचदा बरोबर माहीत असतं.

एक गोष्ट मात्र मनात सलते, ती तुला सांगितली पाहिजे. अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं आणि लाटेवर मी पन्नाशीनंतर उभा राहिलो. भारतात सर्फिंगचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी २००४ च्या सुमाराला, मुल्कीच्या मंत्र सर्फ क्लबच्या आश्रमात. मला ते कळायला आणखी बरीच वर्षं गेली. ब्रिजवरून पंचवीस मीटर खाली बघून ज्या स्वेलची मी नोंद केली, त्यातल्या एकाचाही स्पर्श मला माहीत नव्हता. आता गुडघे आहेत, खांदा आहे, डॉक्टर आहेत. तुझे गुडघे सव्वीस वर्षांचे आहेत आणि तू नव्वद सेंटिमीटरवरून तिकीट रद्द करतेस! माझा जीव तुटतो तो यासाठी. तू चुकीचं ॲप बघतेस याचं मला काही वाटत नाही.

वहीला दोन पानं असतात. डाव्या पानावर अंदाज. तारीख, वादळ कुठे, स्वेल केव्हा पोचेल, पहिले सेकंद किती, दुसऱ्या दिवशी किती, सकाळी मतलई वारा किती वाजेपर्यंत टिकेल, भरती केव्हा, उधाण जवळ आहे की भांग. हे सगळं मुल्कीचा तयार आकडा बघण्याआधी. वाऱ्याचे नकाशे खुशाल बघ, दक्षिणेचं वादळ त्यांच्यावरच दिसणार. मुल्कीच्या नावापुढचा आकडा बघू नकोस. डावं पान भरलं की मग ॲप उघड आणि तिन्ही आकडे खाली लहान अक्षरात लिही.

उजवं पान रिकामं सोडायचं. तिथे प्रत्यक्षात काय आलं ते लिहायचं. आणि हे उजवं पान सोलापुरात भरत नाही. हे तुला अजून उमगलेलं नाही. तिकीट रद्द केलंस तेव्हा तू खराब लाटांपासून वाचली नाहीस, एक पान कोरं ठेवलंस. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरणारा शेतकरी माती मुठीत दाबून ओल बघतो आणि मग पेरतो. रेडिओवर कोणी काही सांगो. तुझी मूठ कुठे आहे?

मुल्कीजवळ शशिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात, तिथला वाळूचा पट्टा दर पावसाळ्यानंतर वेगळा बसतो. या ऑक्टोबरात तो कुठे बसलाय हे जगातल्या कुठल्याही मॉडेलला ठाऊक नाही. मॉडेलचा एकेक चौकोन काही किलोमीटरांचा असतो, त्यात तो पट्टा मावतच नाही. ते फक्त तुझ्या उजव्या पानावर येऊ शकतं. अमुक सेकंदांच्या, नैऋत्येपेक्षा जरा दक्षिणेकडून आलेल्या स्वेलला अर्ध्या भरतीवर तिथे काय होतं, हे ज्याच्या वहीत आहे त्याला ॲप लागत नाही. सुरुवातीची काही पानं डावं एक सांगेल, उजवं दुसरंच. चालेल. आपण कुठल्या बाजूला चुकतो हे दिसायला लागतं. मी नेहमी स्वेल आधी पोचेल असं धरायचो. वही वाचून सरळ झालो.

वाऱ्याचं एवढं लक्षात ठेव. पाच दिवस आधीच्या अंदाजात सर्वांत आधी फसवतो तो किनाऱ्यावरचा वारा. स्वेल त्या मानाने शब्दाला पक्का. म्हणून वाऱ्याचा आकडा वाईट दिसला म्हणून बुधवारी रडायचं नाही. पावसाळा सरला की सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो, लाटेचं तोंड स्वच्छ राहतं, आणि ऊन चढलं की खारा वारा सगळं मोडून टाकतो. उजाडायच्या आत पाण्यात असशील तर निम्मा प्रश्न सुटला. आठला उठून दहाला पाण्यात जाऊन ‘काका, अंदाज चुकला’ असं म्हणायचं नाही.

जून ते सप्टेंबरमध्ये त्या किनाऱ्याकडे तू फिरकायचं नाही, हे वहीच्या वरचं आहे. तसंच इन्कॉइसचा इशारा वहीच्या वरचा. दक्षिणेचा लांब स्वेल स्वच्छ आभाळाखाली, वारा नसतानाही किनाऱ्यावर चढतो. ३१ मार्च २०२४ ला केरळात तो घरांपर्यंत आला होता. तिथले लोक त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. तुझ्या डाव्या पानावर अठरा-वीस सेकंद आणि मोठी उंची दोन्ही आली, की बोर्ड बाजूला ठेवून खडकांपासून लांब उभं राहायचं आणि तिथून मोजायचं. उजवं पान उभं राहूनही भरता येतं.

आता तुझा मूळ प्रश्न. खरं कोणतं? मी सांगणार नाही. मला माझा अंदाज आहे, माझ्या वहीत तो रविवारीच लिहिलेला आहे, आणि तू फोन केलास तरी वाचून दाखवणार नाही. तुझी आई म्हणाली, ‘भाऊजी, पोरगी एवढी विचारतेय, सांगून टाका की.’ सांगितला असता तर मी तुझं चौथं ॲप झालो असतो. मला ते व्हायचं नाही. मी आणखी किती वर्षं असेन, आणि माझ्यानंतर तू कोणाला विचारणार? तू माझ्यावर नाराज झालीस तरी चालेल.

पुढचं असं कर. वही कपाटातून काढ. आज रात्री वाऱ्याचा नकाशा उघड, मादागास्करच्या खाली दक्षिणेला काय चाललंय ते बघ आणि पुढच्या शनिवारचं डावं पान भर. चुकीचं भर, पण भर. मग हुबळीपर्यंतचं तिकीट काढ. या वेळी रद्द केलंस तर रद्द करण्याआधी वहीत कारण लिही, आणि ते कारण दुसऱ्या दिवशी सकाळी परत वाच. मुल्कीत माझा साडेआठ फुटी बोर्ड ठेवलाय तो घे, त्याची फिन, खालचं पातं, जरा सैल आहे, पाण्यात जाण्याआधी आवळून घे. परत आलीस की दोन्ही पानं घेऊन ये. मी माझी काढून ठेवतो, शेजारी ठेवून बघू.

तुझा,
काका